शितावरून भात कळतो, व्यापारी कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मनाच्या पहिल्या कौलाबद्दल एक लेख आला होता. माणूस समोर आला की पहिल्या क्षणी आत जे वाटतं तेच खरं, नंतरचा सगळा विचार म्हणजे घाबरटपणा, असा त्याचा एकूण सूर. जूनमध्ये आला असता तर मी तो चहाबरोबर वाचून सोडून दिला असता. पण तो आला जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. आमच्या निफाड तालुक्यात या दिवसांत पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायच्या, थंडीने मणी तडकू नयेत म्हणून, आणि दुपारी बांधावर आलेल्या व्यापाऱ्याशी सौदा करायचा, असा दिनक्रम असतो. वर्षभराचा खर्च ज्याच्या हवाली करायचा, तो माणूस दहा मिनिटांत पारखायचा असतो. अशा वेळी 'मन सांगेल तसं करा' हा सल्ला वाचून पोटात गोळा येतो.

मला या विषयातलं काहीच कळत नाही असं नाही. १९८६ साली नाशिकला मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालो. पुढे वडिलांनी छाटणीची कात्री हातात दिली आणि शिक्षण तिथेच थांबलं. गावात मात्र 'हा माणसं वाचतो' अशी ख्याती झाली. सोयरिकीला मुलगा बघायला जाताना लोक मला गाडीत बसवून न्यायचे. ही ख्याती मला पुढे ७ लाख ४० हजार रुपयांना पडली.

२०१८चा मार्च. अडीच एकर थॉमसन जातीची द्राक्षं, माल तयार. दलालाबरोबर एक व्यापारी आला. पस्तिशीचा, स्वच्छ पांढरा शर्ट, आवाज हळू. बागेच्या तोंडाशी आला आणि त्याने चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. अनवाणी आत शिरला, मांडवाखाली वाकून घड हातात न घेता नुसता खालून तळवा लावून पाहिला. बाहेर आल्यावर ओट्यावर आईच्या समोर जमिनीवर बसून बशीत चहा प्याला. भाव दिला किलोला ४२ रुपये. शेजारच्या बागा ३८-३९ने चालल्या होत्या. खरं सांगायचं तर मी ४० वरही हो म्हणालो असतो. चपला काढल्या तेव्हाच माझा सौदा झाला होता.

चेहऱ्यावर असा शिक्का मारायला किती वेळ लागतो हे अमेरिकेत विलिस आणि टोडोरोव या दोघा मानसशास्त्रज्ञांनी तपासलं आहे, २००६ साली. अनोळखी चेहरा सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा दाखवला, तरी लोक हा विश्वासू, हा नाही असं ठरवून मोकळे होतात. पण मला त्याच्या पुढची गोष्ट जास्त लागली. पाहायला जास्त वेळ दिला तर लोकांचं मत फारसं बदलत नाही, फक्त मताबद्दलची खात्री वाढते. म्हणजे मी त्याच्याबरोबर तासभर चहा पीत बसलो, त्या तासात माझी माहिती वाढली नाही, खात्रीच वाढली.

पहिली गाडी पाच टनांची. २ लाख १० हजार जागेवर मोजून दिले. मग आठ दिवसांत वीस टन माल गेला. मध्ये एकदा लाखभर आले. त्यानंतर फोन लागला नाही. ज्या गावात गाळा सांगितला होता तिथे जाऊन आलो. गाळा होता, पण दुसऱ्याचा.

घरात त्या माणसाविरुद्ध एकच मत होतं, वडिलांचं. 'मला हा पटत नाही,' ते म्हणाले होते. आता भाऊबंद म्हणतात, बघा, म्हाताऱ्याची नजर! मी वडिलांचा मान ठेवून सांगतो, त्यांना हयातीत एकही व्यापारी पटला नाही. जो रोज सकाळी 'आज पाऊस येणार' म्हणतो त्याचं एखाद्या दिवशी खरं होतंच, म्हणून त्याच्या सांगण्यावर कोणी पेरणी करत नाही.

आणि वडिलांची गोष्ट सांगितली तर दुसरीही सांगायलाच हवी. त्याच आठवड्यात आणखी एक जण येऊन गेला होता. जुनी मोटारसायकल, मळका शर्ट, तोंडात तंबाखू. बोलताना नजर वर करीना. बांधावर थुंकला. भाव दिला ३९. दोन मिनिटांत वाटेला लावला. त्याने पलीकडच्या वस्तीवरच्या तीन बागा घेतल्या आणि पंधरा दिवसांत पै न् पै चुकती केली. हे मला कळलं ते दोन वर्षांनी, एका लग्नाच्या पंगतीत. त्या पंगतीला गेलो नसतो तर आजही मी सांगत फिरलो असतो की एकदा चुकलो खरा, पण त्या थुंकणाऱ्याला मात्र बरोबर ओळखलं होतं.

मग माझी नजरच खोटी म्हणायची का? तसंही नाही. थॉमसनच्या घडाकडे बघून मी शुगर किती आली ते सांगतो. मण्याची हिरवाई किती उतरली, पिवळसर झाक कुठून चढली, उन्हाकडे धरला तर आरपार किती दिसतो, देठ कसा आहे. हे मी आत्ता लिहिताना आठवून आठवून लिहितोय, बागेत यातलं काही मनात येत नाही. बघतो आणि तोंडातून 'सतरा' निघतं. मग मणी चिरडून रसाचा थेंब शुगर मोजायच्या ब्रिक्स मीटरच्या काचेवर टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. सतरा, नाहीतर फार तर साडेसतरा.

पण सुरुवातीच्या वर्षांत मी तीन-तीन अंशांनी चुकायचो. प्रत्येक वेळी मीटरने अर्ध्या मिनिटात तोंडावर सांगितलं, चुकलास. एका हंगामात शंभरदा तरी सांगितलं असेल, आणि असे हंगाम तीसच्या वर गेले. ज्याला लोक उपजत नजर म्हणतात, ती या हजारो वेळा खाल्लेल्या थपडांची शिल्लक आहे.

हर्बर्ट सायमन नावाचे मोठे अभ्यासक होते, १९७८चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्यांचं म्हणणं असं की अंतःप्रेरणा म्हणजे दुसरं तिसरं काही नसून ओळख पटणं आहे. विल्यम चेस यांच्याबरोबर १९७३ साली त्यांनी बुद्धिबळावर काम केलं. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली, तर पट्टीचा खेळाडू बरीचशी मोहरी जशीच्या तशी मांडून दाखवतो. तीच मोहरी पटावर कशीही विखरून दाखवली की त्याची स्मरणशक्ती नवख्यासारखीच. डोकं तेच, डोळे तेच. ओळखीचं काही उरलं नाही, एवढाच फरक.

आपल्या मराठीत 'ओळख' हा शब्द फार घातकी आहे. घडाची शुगर मी ओळखतो, तीही ओळख. आणि चहा पिऊन झाली ती व्यापाऱ्याशी, तीही ओळखच. पहिली हजार वेळा तपासलेली, दुसरी एकदाही नाही. आतून मात्र दोन्ही अगदी सारख्याच वाटतात, आणि माझं घर बुडालं ते नेमकं या सारखेपणामुळे. मार्चमधल्या त्या दुपारी माझ्या मनाने 'हा माणूस चांगला' हे ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात ते रोज 'सतरा' सांगतं.

डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी हीच गाठ सोडवलेली दिसते. काहनेमन (२००२चं नोबेल, २०२४च्या मार्चमध्ये वारले) यांनी माणूस झटपट निर्णयात कसा फसतो हे आयुष्यभर दाखवलं. क्लाइन यांचं काम उलट बाजूचं. ते अग्निशमन दलातल्या अनुभवी अधिकाऱ्यांना भेटले, त्यांचे क्षणात घेतलेले निर्णय कसे अचूक ठरतात ते पाहिलं. त्यांनी सांगितलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. घरात आग, अधिकारी माणसं घेऊन आत शिरला, पाण्याचा मारा केला, पण आग दबेना. खोली वाजवीपेक्षा जास्त तापलेली, आणि आगीच्या मानाने शांतता फार. त्याच्या मनात पाल चुकचुकली. सगळ्यांना बाहेर काढलं आणि ते जिथे उभे होते ती जमीन खचली. आग खाली तळघरात होती. त्या अधिकाऱ्याला हे आपलं अतींद्रिय ज्ञान वाटत होतं. प्रत्यक्षात आजवर पाहिलेल्या आगींशी ही आग जुळत नव्हती.

हे दोघे भांडायला बसले आणि २००९ साली एकत्र लेख लिहून मोकळे झाले. मतभेद घालायला गेलो, जमलं नाही, अशा अर्थाचं नावच त्यांनी त्याला दिलं. मुद्दा दोनच अटींचा. कामात काही एक नियमितपणा हवा, आणि आपण चुकलो की बरोबर आलो हे लवकर आणि वारंवार कळायला हवं. हे दोन्ही असेल तर नजर तयार होते. नसेल तर वर्षं वाढतात, केस पांढरे होतात, आत्मविश्वास वाढतो, नजर तिथेच.

लासलगावला कांद्याच्या लिलावात उभे राहून बघा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपाशी व्यापाऱ्यांचा घोळका येतो. एक जण वरचे चार-पाच कांदे उचलतो, एखादा चोळून साल बघतो, बोटाने मान दाबतो. रंग, आकार, जोडकांदे किती, गोल्टी म्हणजे बारीक कांदे किती, डेंगळे म्हणजे फुलाचे दांडे आलेले कांदे आहेत का, एवढं बघेपर्यंत बोली संपलेली असते आणि घोळका पुढच्या ट्रॉलीवर. शेतकऱ्याला वाटतं, माझी चार महिन्यांची मेहनत याने मिनिटभरात मोजली! मलाही राग यायचा. पण तीच ट्रॉली थोड्या वेळाने त्याच्या खळ्यावर रिकामी होते आणि तळातला कांदा त्याला दिसतो. वर निवडक लावून आत बदला, म्हणजे हलका माल, भरला असेल तर ते त्याच दिवशी त्याच्या खिशाला कळतं. वर्षानुवर्षं रोज हेच. शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात, ती यासाठी की सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात शिजलेली असतात. ट्रॉलीचं जवळपास तसंच, आणि जिथे तसं नाही तिथे खळं सांगतं. चपला काढणं हे शीत कोणत्या पातेल्यातलं?

माणसांच्या बाबतीत आम्हाला खळंच नाही. व्यापारी वर्षातून एकदा येतो. फसवणारा तर मुद्दाम पहिली गाडी रोखीत घेतो, म्हणजे आपल्याला उत्तर मिळाल्यासारखं वाटावं. आणि ज्याला परत पाठवला तो पुढे कसा निघाला हे कळायला लग्नाची पंगत लागते.

जाता जाता फवारणीचंही असंच आहे, पटो न पटो. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना आभाळ आलं की मी म्हणतो, आज हवा बरी नाही, डाउनी (केवडा रोग) येणार. ब्लोअर फिरवतो. डाउनी येत नाही. मी खूश, नजर बरोबर ठरली. पण न फवारता ती आली असती का? कधीच कळत नाही, कारण न फवारण्याची छाती कोणाची? चाळीस वर्षांच्या अनुभवी बागायतदाराचं मत ज्याला आपण म्हणतो, त्यातलं किती मीटरला लावलेलं आहे आणि किती नुसत्या भीतीवर औषध मारून झाकलेलं आहे, हे मला माझ्यापुरतंही सांगता येणार नाही. औषधवाल्यांना हे वाक्य आवडणार नाही.

कॉलेजात प्रात्यक्षिकाला म्युलर-लायरचा भ्रम होता. दोन सारख्या लांबीच्या रेषा, एकीच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीच्या बाहेर. एक लांब दिसते, एक आखूड. मी पट्टीने मोजली, सारख्या. पुन्हा पाहिलं, पुन्हा एक लांब. सर म्हणाले, कळलं तरी डोळ्यांना वळत नाही. १९८९ला लग्न झालं, बाग वाढवली, सगळं विसरलो. २०१८च्या त्या मारानंतर, अगदी पुढच्याच हंगामात, एक व्यापारी आला आणि त्याने बांधावर वाकून मातीला हात लावला. संपादक महाशय, सांगायला लाज वाटते, माझं मन पुन्हा विरघळलं.

काहनेमन यांचंही असंच झालं होतं, म्हणून मला ते जवळचे वाटतात. तरुणपणी ते इस्रायलच्या सैन्यात अधिकारीपदासाठी उमेदवार निवडायला मदत करायचे. उमेदवारांच्या गटाला एक लांब ओंडका भिंतीपलीकडे न्यायला सांगायचं आणि बघायचं, पुढाकार कोण घेतो, कोण चिडतो, कोण माघार घेतो. बघणाऱ्याला खात्रीच व्हायची की पुढे कोण चांगला अधिकारी होणार. काही महिन्यांनी प्रशिक्षण शाळेतून निकाल यायचे, तर यांचे अंदाज आंधळेपणाने सांगितल्यापेक्षा जेमतेम बरे. दुसऱ्या दिवशी नवी तुकडी, तोच ओंडका आणि तीच खात्री.

पुढे त्यांनीच तिथे मुलाखतीची नवी पद्धत बसवली. सहा गुण ठरवले, एकेका गुणाबद्दल ठरावीक प्रश्न विचारायचे आणि पुढच्या गुणाकडे जाण्याआधी त्याचे आकडे लिहून टाकायचे. मुलाखत घेणारे वैतागले, आम्हाला यंत्र करता काय म्हणाले. मग सगळं झाल्यावर डोळे मिटा आणि मनाला काय वाटतं तोही आकडा लिहा, अशी त्यांना मुभा दिली. गंमत अशी की शेवटचा तो मनाचा आकडाही चांगला निघाला, सहा गुणांच्या बेरजेइतकाच. मनाचा कौल त्यांनी फेकून दिला नाही, फक्त रांगेत शेवटी उभा केला.

आमच्या घरी २०२० पासून एक दोनशे पानी वही आहे. व्यापारी आला की चहा द्यायचा, बोलायचं, पण सौदा त्या दिवशी करायचा नाही. गाळा कुठे आहे आणि आपल्यापैकी कोणी तो डोळ्यांनी पाहिला का? गेल्या दोन हंगामांत या तालुक्यात कोणाचा माल घेतला, आणि त्यातल्या तिघांना आपण फोन केला का? हे तिघे आपण शोधलेले हवेत, त्याने दिलेले नंबर नकोत. गाडी भरण्याआधी इसार किती? उधारी किती दिवसांची, आणि बाकी किती रुपयांच्या वर गेली की काटा थांबवायचा? सौदा कागदावर लिहून सही करायला तयार आहे का? प्रत्येकाला पाचपैकी गुण, आणि लिहून झालेला आकडा नंतर खोडायचा नाही. आकडे बायको लिहिते, मी नाही, कारण मला माझ्याबद्दल आता माहिती आहे. शेवटच्या रकान्यात मला काय वाटलं ते मी लिहितो. पुढे पैसे कसे आले तेही त्याच पानावर नोंदवतो. परत पाठवलेल्यांचंसुद्धा, जमेल तेवढं विचारून. पाच हंगामांत एकतीस पानं भरली आहेत. माझा शेवटचा रकाना आणि पैशांचा रकाना यांचा मेळ अजून तरी फारसा बसत नाही. एकतीस हा आकडा लहान आहे हे मला कळतं.

आता आपल्याकडे मागणं. २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायची मोकळीक झाली. सोय झाली, मी स्वतः तिचा फायदा घेतो. पण समोर उभा असलेला माणूस कोण, हे बघायचं काम त्याबरोबर आमच्या अंगावर आलं, आणि त्या कामाला आमची नजर कच्ची आहे. आपण रोज पिंपळगाव, लासलगावचे भाव छापता. फेब्रुवारी ते एप्रिल त्याच पानावर एक छोटा रकाना द्या, कोणत्या तालुक्यात द्राक्षाच्या थकबाकीच्या किती तक्रारी पोलिसांत दाखल झाल्या त्याचा. नावं छापू नका, नुसता आकडा आणि महिना पुरे. आम्हाला उत्तर वर्षाने एकदा मिळतं, ते आठवड्याला मिळू लागलं तर आमच्याही डोळ्यांना काहीतरी शिकता येईल. आणि पुरवणीतल्या लेखकमहाशयांना एकदा हंगामात बांधावर पाठवा. चहा बशीत देतो.

माझं नाव-गाव मात्र छापू नये ही विनंती. थुंकणाऱ्या गृहस्थांनी या वर्षी माझी बाग बघितली आहे, वहीत पंचवीसपैकी एकवीस गुण आहेत, भावाची अजून घासाघीस चालू आहे.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. निफाड, जि. नाशिक

ता. क. : पत्र पाकिटात घालण्याआधी उत्तरेच्या ओळीतला घड बघितला. 'सतरा' म्हणालो. मीटरने साडेपंधरा दाखवले. परवा चष्मा बदलला आहे, पण रात्रभर ठिबकही चालू राहिलं होतं. उद्या पुन्हा बघतो.